बेटाने कोणाची शाळा शिकावी?

लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावरचे शाळकरी मूल मल्याळम लिहिते तेव्हा त्याचा हात वहीवर डावीकडून उजवीकडे सरकतो आणि महल लिहायला घेतले की तोच हात उजव्या कडेपासून डावीकडे येऊ लागतो. महल ही त्याची घरची भाषा, मालदीवमधील दिवेहीचेच भारतातील रूप. तिची लिपी थाना. या लिपीतील पहिली नऊ अक्षरे अरबी आकड्यांच्या एक ते नऊ या आकृत्यांवरून घडली आहेत, त्यानंतरची काही अक्षरे त्या भागातल्या जुन्या आकड्यांवरून आली आहेत आणि स्वरांच्या खुणा अक्षरांच्या वर-खाली बसतात. आकड्यांतून अक्षरे काढणारी अशी लिपी भारतात पिढ्यान्‌पिढ्या घरची म्हणून वापरणारा समाज या एकाच बेटावर आहे आणि त्याची संख्या जेमतेम दहा हजारांच्या घरात आहे.

मे २०२५ मध्ये लक्षद्वीपच्या शिक्षण खात्याने आदेश काढला की शाळांत तिसरी भाषा म्हणून शिकवल्या जाणाऱ्या महल आणि अरबी यांच्या जागी हिंदी यावी. शाळा उघडण्याच्या तोंडावर निघालेला हा आदेश केरळ उच्च न्यायालयात गेला आणि जूनमध्ये न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्याआधी, डिसेंबर २०२३ मध्ये, त्याच खात्याने दुसरा एक निर्णय जाहीर केला होता. बेटांवरील शाळांत चालत आलेला केरळ राज्याचा अभ्यासक्रम आणि मल्याळम माध्यम बाजूला सारून २०२४-२५ पासून केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा, म्हणजे सीबीएसईचा, इंग्रजी माध्यमातील अभ्यासक्रम आणण्याचा तो निर्णय होता. हे दोन आदेश शेजारी ठेवले की एक जुनाच प्रश्न समोर उभा राहतो: छोट्या बेटाने मोठ्या शेजाऱ्याची शाळा शिकावी का, आणि शिकायची असेल तर कोणत्या शेजाऱ्याची?

माझे मत आधीच सांगून टाकतो. बेटाने शेजाऱ्याकडून परीक्षा आणि प्रमाणपत्र अवश्य घ्यावे, त्यात कमीपणा काहीच नाही. लक्षद्वीपपुरते बोलायचे तर तो शेजारी केरळच असावा. परंतु मुलाच्या पहिल्या चार-पाच वर्षांची शाळा कोणत्या भाषेत चालावी आणि त्याच्या पुस्तकात कोणते जग असावे, हे ठरवण्याचा हक्क मात्र बेटाने कोणाकडेही गहाण टाकू नये. त्या बाबतीत कोचीही परकी आहे आणि दिल्ली तर आणखीच लांबची.

केरळशी असलेले नाते कोणी कार्यालयात बसून ठरवलेले नाही. ब्रिटिशांच्या काळात ही बेटे मद्रास इलाख्यात होती. लॅकदीव आणि मिनिकॉय मलबार जिल्ह्याकडे, तर अमिनदीवी बेटे दक्षिण कन्नड जिल्ह्याकडे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती एकत्र करून केंद्रशासित प्रदेश झाला, तरी त्याचे मुख्यालय १९६४ पर्यंत कोळिकोडलाच होते आणि त्यानंतर ते कवरत्तीला आले. वस्ती असलेली बेटे दहा, सगळी मिळून जमीन बत्तीस चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३. मिनिकॉय वगळता बाकीच्या बेटांवर जेसरी बोलतात, जी मल्याळमची बोली मानली जाते. आजारी माणूस हेलिकॉप्टरने किंवा बोटीने कोचीला जातो, विद्यार्थी कॉलेजसाठी कोची-कोळिकोडला जातो, लग्नाचा बस्ता आणि घराचा पत्राही तिकडूनच येतो. केरळमध्ये दहावीची, म्हणजे एसएसएलसीची, परीक्षा होते तेव्हा तिची केंद्रे आखाती देशांबरोबर लक्षद्वीपमध्येही असतात आणि निकालाच्या दिवशी तिरुवनंतपुरमहून बेटांचा निकालही वाचून दाखवला जातो.

काही जणांना हे परावलंबन वाटते. मला ते वाटत नाही, कारण परीक्षा घेणे हे काम जितके मोठ्या मंडळाकडे असेल तितके विद्यार्थ्याच्या हिताचे असते. ज्या प्रदेशात वर्षाला काहीशेच मुले दहावीला बसतात, तिथे प्रश्नपत्रिका काढणारा, उत्तरपत्रिका तपासणारा आणि परीक्षार्थी हे एकमेकांचे मामा, काका, शेजारी असणार. अशा ठिकाणी गुप्तता टिकवणे अवघड आणि टिकवली तरी बाहेरच्या कॉलेजने त्या गुणांवर विश्वास ठेवणे त्याहून अवघड. बेटावरचे मूल बारावीनंतर बेट सोडणारच आहे. ज्या बंदराला ते उतरणार तिथे त्याच्या हातातला कागद कोणी उलटसुलट करून पाहू नये, एवढी काळजी त्याच्या वडीलधाऱ्यांनी घेतलीच पाहिजे, आणि केरळच्या मंडळाने ही काळजी अनेक पिढ्या नीट घेतली आहे. २०११ मध्ये लक्षद्वीपची साक्षरता ९२ टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा पुष्कळ वर. हे यश एकट्या अभ्यासक्रमाचे नाही, पण अभ्यासक्रम आड आला असता तर ते घडलेही नसते.

सीबीएसईच्या बाजूचा मुद्दा हलका नाही. आईवडिलांना इंग्रजी हवी आहे. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या देशपातळीवरील प्रवेशपरीक्षा एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या शैक्षणिक परिषदेच्या, पुस्तकांना धरून असतात. बेटांवर केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त येणाऱ्या कुटुंबांनाही एकच मंडळ सोयीचे. हे सगळे खरे आहे. पण इंग्रजी शिकण्यासाठी केरळ सोडावे लागते हे मात्र खरे नाही, कारण केरळचा राज्य अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमातही शिकवला जातो. अकरावी-बारावीला विज्ञान आणि गणितासाठी केरळमध्ये एनसीईआरटीचीच पुस्तके वापरली जातात, त्यामुळे प्रवेशपरीक्षेचा मुद्दाही अर्धा गळून पडतो. उरतो तो प्रश्न शिक्षकांचा. मल्याळममध्ये गणित शिकवत आयुष्य गेलेल्या शिक्षकाला एका जूनपासून ते इंग्रजीत शिकवायला सांगितले, तर पाठ्यपुस्तक बदलते, शिकवणे बदलत नाही. वर्गात मग इंग्रजी वाक्य वाचून त्याचा अर्थ मल्याळममध्ये सांगण्याची तीच जुनी कवायत सुरू होते आणि मुलाच्या पदरी दोन्ही भाषा अर्धवट पडतात. हे चित्र आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या ‘सेमी-इंग्रजी’ वर्गांत अनेकांनी पाहिले आहे.

मात्र केरळची बाजू घेताना केरळच्या शाळेने बेटाला काय दिले नाही, हेही बोलले पाहिजे. मी मालवण तालुक्यातला. पहिलीत असताना ‘माका कळला नाय’ असे म्हटल्यावर ‘मला समजले नाही’ असे दहा वेळा लिहून आणायला सांगितल्याचे मला अजून आठवते. गुरुजींच्या मनात वाईट काही नव्हते. त्यांना आमची भाषा शुद्ध करायची होती. त्यानंतर मात्र बरेच दिवस मी वर्गात कळले नाही हे सांगणेच बंद केले. मालवणीला मराठीशी जे जवळचे नाते आहे, साधारण तसेच जेसरीला मल्याळमशी आहे, आणि जवळच्या नात्यात होणारी ही दुखापत बाहेरून दिसत नाही, कारण सगळ्यांचा समज असा की मूल मातृभाषेतच शिकते आहे.

मिनिकॉयच्या मुलाचे तर तेवढेही नाही. त्याच्यासाठी मल्याळम ही कोणत्याच अर्थाने घरची भाषा नाही. हे बेट बाकीच्या बेटांपासून सुमारे दोनशे किलोमीटर दक्षिणेला, ‘नऊ अंशांची खाडी’ म्हणतात त्या समुद्रपट्ट्यापलीकडे आहे. त्याचे स्वतःचे नाव मलिकू. तिथली गावे ‘अवह’ म्हणवतात आणि प्रत्येक गावाला पुरुषांचा प्रमुख मूपन आणि स्त्रियांची प्रमुख मूपत्ती असते. तिथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जगभरच्या व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून जातात. ट्युना मासा उकडून, धुरावून, वाळवून केलेला टणक ‘मास’ हे तिथल्या घराचे खाणेही आहे आणि विक्रीचा मालही. अशा घरातून आलेले मूल शाळेत पाऊल टाकते तेव्हा त्याच्यासमोर मल्याळम, इंग्रजी, अरबी आणि आता हिंदी असे चार दरवाजे एकदम उभे राहतात. आणि ज्या एका दारातून ते सहज आत येऊ शकले असते तेच बंद करण्याचा आदेश निघतो.

हिंदीशी माझे भांडण नाही. खलाशाच्या मुलाला ती उपयोगीही पडेल. पण नवी येणारी भाषा जुन्या घरच्या भाषेची खुर्ची रिकामी करून त्यावर बसवण्याचे कारण काय? त्यासाठी ज्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आधार घेतला गेला, त्या २०२० च्या धोरणातच शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे, तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय असाव्यात असे म्हटले आहे आणि कोणतीही भाषा लादली जाणार नाही असेही म्हटले आहे. महल भारतीय नाही असे कोणाला वाटत असेल तर मिनिकॉयही भारतात नाही असे त्याला म्हणावे लागेल. आणखी एक गोष्ट क्वचितच कोणाच्या लक्षात येते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे सांगणारे संविधानातील ३५०-क हे कलम ज्या सातव्या घटनादुरुस्तीने आले, त्याच दुरुस्तीने केंद्रशासित प्रदेश ही रचनाही आणली. दोन्ही एकाच दिवशी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, अमलात आली. म्हणजे लक्षद्वीपचा जन्म आणि हा हक्क यांची जन्मतारीख एक आहे.

भाषेइतकाच पुस्तकातील जगाचा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याच्याविषयी फार कमी बोलले जाते. प्रवाळबेटावर नदी नसते, डोंगर नसतो. जमिनीखाली मुरलेले पावसाचे गोडे पाणी हलके असल्यामुळे समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर भिंगासारखे तरंगत राहते आणि विहिरीतून उपसा जास्त झाला की खालचे खारे पाणी वर येते. घनतेचा धडा शिकवायला याहून चांगले उदाहरण कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही, आणि ते मुलाच्या परसातल्या विहिरीत आहे. कवरत्तीला २००५ मध्ये राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने जो प्रकल्प उभारला, तो समुद्राच्या पृष्ठभागावरचे कोमट पाणी कमी दाबाखाली उकळवतो आणि तळाकडून, सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरून, ओढलेल्या थंड पाण्याने त्या वाफेचे गोडे पाणी करतो. दिवसाला एक लाख लिटर. दाब कमी झाला की उत्कलनबिंदू खाली येतो हे वाक्य पाठ करून परीक्षेत लिहिणारे मूल रोज तेच पाणी पिते आहे, आणि वर्गात कोणी त्याला ही सांगड घालून दाखवत नसेल तर ती चूक केरळचीही नाही आणि दिल्लीचीही नाही. बेटासाठी बेटाचे पुस्तक कोणी लिहिलेच नाही, ही ती चूक आहे. १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापून इथली प्रवाळे पांढरी पडली. बंगारम बेटाजवळचे परळी-१ हे निर्मनुष्य बेट झिजून पाण्याखाली गेले. ज्या मुलांच्या हयातीत त्यांची स्वतःची जमीन उरेल की नाही असा प्रश्न आहे, त्यांच्या भूगोलाच्या पुस्तकात त्यांचे बेट नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकोनात चार ठिपके होऊन यावे, हे मला सहन होत नाही.

मोठ्या शेजाऱ्याचे प्रमाणपत्र आणि स्वतःची भाषा या दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदतात का? नांदतात. उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांची लोकसंख्या लक्षद्वीपपेक्षाही कमी आहे. १९१२ च्या नियमाने तिथल्या शाळांत वरच्या वर्गांना डॅनिशमधूनच शिकवण्याची सक्ती होती. लोकांनी पाव शतक भांडून १९३८ मध्ये ती काढायला लावली आणि १९४८ च्या स्वराज्य कायद्याने फेरोईज ही मुख्य भाषा ठरली. त्याच कायद्यात डॅनिशही नीट आणि कसून शिकवावी असे लिहिले आहे. आजही तिथली मुले पुढच्या शिक्षणासाठी मोठ्या संख्येने डेन्मार्कला जातात. आयरिश समुद्रातील मॅन बेटाची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथे इंग्लंडच्या मंडळांच्या परीक्षा चालतात आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. मँक्स ही तिथली भाषा जन्मापासून बोलणारा शेवटचा माणूस, नेड मॅड्रेल, १९७४ मध्ये वारला. पण २००१ मध्ये तिथे मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू झाली. २००९ मध्ये युनेस्कोने ती भाषा मृत म्हणून नोंदवली, तेव्हा त्या शाळेतील मुलांनी मँक्समध्येच पत्रे लिहून विचारले की भाषा मेली असेल तर आम्ही हे कोणत्या भाषेत लिहीत आहोत. महल अजून घराघरांत बोलली जाते आहे. मॅनला जे मेल्यावर परत आणावे लागले, ते इथे जिवंतपणी सांभाळायचे आहे.

आपण मराठी माणसांनी या प्रश्नाकडे लांबून पाहण्याचे कारण नाही, कारण एकेकाळी आपणच तो मोठा शेजारी होतो. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर तिथली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडली गेली आणि गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये स्थापन होईपर्यंत ती तशीच राहिली. शालान्त परीक्षेचे गोव्याचे स्वतःचे मंडळही १९७५ मध्ये आले. भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात खेडोपाडी निघालेल्या मराठी प्राथमिक शाळांनी बहुजन समाजाच्या हजारो मुलांना पहिल्यांदा अक्षर दाखवले, हे मान्य न करणे कृतघ्नपणाचे होईल. पण १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने विलीनीकरण नाकारले, ते आपल्यापैकी अनेकांना आजही नीट उमगलेले नाही. शाळा आणि विद्यापीठ आमचे चालते, मग राज्य का नको, असा आपला प्रश्न होता. छोट्याच्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी असू शकतात, मोठ्याच्या शाळेबद्दल कृतज्ञता आणि स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याचा आग्रह, हे मोठ्याला बहुधा उशिरा कळते.

आणि २०२५ मध्ये आपण दुसऱ्या बाजूलाही उभे राहिलो. पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करणारा १६ एप्रिलचा शासन निर्णय, त्यात फेरफार करणारा १७ जूनचा निर्णय, आणि लोकांच्या संतापानंतर २९ जूनला दोन्ही रद्द. अडीच महिन्यांत सरकारला माघार घ्यावी लागली, कारण आपल्याकडे विधानसभा आहे, वर्तमानपत्रे आहेत, रस्त्यावर उतरणारे पक्ष आहेत आणि बारा कोटींच्या घरातली लोकसंख्या आहे. त्याच उन्हाळ्यात मिनिकॉयच्या दहा हजारांसमोर जवळपास तोच प्रश्न होता, फरक एवढाच की तिथे पणाला लागलेली भाषा देशात दुसरीकडे कुठेच नाही. लक्षद्वीपला विधानसभा नाही. एक खासदार आणि केंद्राने नेमलेला प्रशासक, एवढेच. पूर्वी शिक्षण हे जिल्हा पंचायतीकडे सोपवलेल्या विषयांत होते. २०२१ मध्ये आरोग्य, शेती, पशुसंवर्धन आणि मत्स्यव्यवसाय यांच्याबरोबर तेही प्रशासनाने परत घेतले. त्यामुळे शाळेत काय शिकवावे हे विचारायला बेटावरच्या आईबापाला आज दारच उरलेले नाही. सरळ उच्च न्यायालयाची पायरी, तीही समुद्र ओलांडून कोचीला. मे २०२५ च्या आदेशावर न्यायालयाने बोट ठेवले ते नेमके इथेच, की असा बदल करण्याआधी अभ्यास केल्याचे किंवा संबंधितांशी चर्चा केल्याचे दिसत नाही. केरळ की सीबीएसई, मल्याळम की इंग्रजी या वादात मला महत्त्वाचे वाटते ते हे. बेटावरच्या लोकांनी विचार करून, भांडून, मतदान करून उद्या सीबीएसई निवडली तर माझ्या मताविरुद्ध असूनही ती मला मान्य असेल.

निवड त्यांच्याकडे आली तर काय करता येईल याचा आराखडा फार अवघड नाही. पाचवीपर्यंत मिनिकॉयला महल आणि बाकी बेटांवर जेसरीला सामावून घेणारी मल्याळम. इंग्रजी पहिलीपासून, पण बोलण्या-ऐकण्यापुरती. हिंदी सहावीनंतर आणि महलच्या जागी नव्हे, तिच्या सोबत. परिसर आणि विज्ञान यांची प्राथमिक पुस्तके बेटांवरच्याच शिक्षकांनी लिहिलेली, दहावीची परीक्षा पूर्वीसारखीच केरळची आणि ज्याला हवे त्याला अकरावीला मंडळ बदलण्याची मुभा. शिक्षण पुन्हा निवडून आलेल्या पंचायतीकडे. मिनिकॉयची प्राथमिक शाळेतली मुले एवढी थोडी आहेत की महलची सगळी पुस्तके एका मध्यम छापखान्यात आठवडाभरात छापून होतील. फक्त ती मेच्या पहिल्या पंधरवड्यात बंदरात पोहोचली पाहिजेत, कारण १५ मेनंतर कोळिकोडजवळच्या बेपूर बंदरातून सुटणारी लहान मालवाहू जहाजे पावसाळ्यासाठी बंद होतात ती १५ सप्टेंबरपर्यंत, आणि शाळा तर जूनमध्येच भरते.